तीन तासांत शेपूट

आमच्या लॅबमधे एक टेस्ट आहे, खर्च जवळजवळ शून्य, मशीन वगैरे काही लागत नाही, आणि एवढ्या वर्षांत मला तिचा कंटाळा आलेला नाही. जंतू वाढवायच्या प्लेटवर पांढरट, मलईसारखी कॉलनी (जंतूंचा ठिपका) आली, यीस्ट म्हणजे गोल पेशींची बुरशी असावी असं वाटलं, की छोट्या ट्यूबमधे माणसाच्या रक्तातलं सीरम अर्धा मिली घ्यायचं, कॉलनीला लूप, म्हणजे टोकाला कडी असलेली तार, जेमतेम टेकवायचा, सीरममधे घोळवायचा, ट्यूब ३७ डिग्रीच्या इनक्युबेटरमधे ठेवायची आणि डबा खायला जायचं. डबा, मग चहा, मग थोडे रिपोर्ट टाइप करायचे, अडीच-तीन तास होतात. मग एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, आणि बघायचं. सकाळी जे नुसते गोल दाणे होते त्यांना शेपूट फुटलेलं असतं. अगदी मोड आलेल्या मुगासारखं. शेपटीच्या मुळाशी चिमटा बसल्यासारखं दिसत नसेल, सरळ निघालेली असेल, तर कँडिडा अल्बिकन्स, लिहून टाका रिपोर्ट. याला जर्म ट्यूब टेस्ट म्हणतात.

आता गंमत बघा. तीच बुरशी रात्रभर प्लेटवर गप गोल बसलेली होती. सीरम आणि अंगाएवढी ऊब मिळाली आणि तिला कळलं की आपण माणसात आलोय. "कळलं" हा शब्द शास्त्राच्या माणसांना आवडत नाही, तर नीट सांगते. तिच्या पेशीत एचएसपी ९० नावाचं प्रोटीन असतं, बाकीच्या प्रोटीन्सची घडी नीट ठेवणं हे त्याचं काम, आणि शेपूट फुटू न देणारा ब्रेकही त्याच्याच हातात असतो. गरम झालं की इतर प्रोटीन्सच्या घड्या विस्कटायला लागतात, हे बिचारं तिकडे धावतं, इकडचा ब्रेक सैल होतो आणि धागा सुटतो. म्हणजे तिच्याकडे वेगळं थर्मामीटर नाही, कामाचा ताण हेच थर्मामीटर.

आणि हा धागा शोभेला नाही. बऱ्याच जणांच्या तोंडात, आतड्यात ही कँडिडा आयुष्यभर गोल रूपात राहते आणि कुणाला पत्ता नसतो. धागा झाली की ती पेशींच्या थरात घुसते, आणि घुसता घुसता पेशीला भोकं पाडणारं विष सोडते. त्याचं नाव कँडिडालायसिन, ते २०१६ मध्ये सापडलं. बुरशीत असलं विष सापडेल हे तोवर फार जणांच्या मनात नव्हतं. आपल्या पांढऱ्या पेशीने तिला गिळलं तरी पोटात बसून ती लांब होत जाते आणि शेवटी पेशी फाडून बाहेर येते. मी व्हिडिओ बघितलाय, फुग्यातून सुई आल्यासारखं दिसतं.

पण मला जे सांगायचंय ते जरा वेगळं आहे. लोकांना वाटतं रोगाची बुरशी म्हणजे आपल्या मागे लागलेली काहीतरी वस्तू, दबा धरून बसलेली. कँडिडासारख्या दोन-चार घरच्या सोडल्या तर तसं नसतं. बहुतेकींना आपण माहितही नसतो, त्या मातीत, शेणात, कचऱ्यात आपापला संसार करत असतात, तिथल्या अडचणींवर त्यांनी ज्या युक्त्या शोधल्या त्याच नेमक्या आपल्या अंगात चालून जातात. आणि आत शिरायचं दार बरेचदा आपणच उघडून ठेवलेलं असतं.

आधी, आपण रोज आजारी का पडत नाही ते बघू. जुलै-ऑगस्टमधे मुंबईत कपाट उघडा, लेदरच्या पट्ट्यावर पांढरी-हिरवी बुरशी, लग्नातल्या चपलांवर बुरशी, बाथरूमच्या छताला काळे ठिपके, दोन दिवसांचा पाव निळा पडलेला. त्या हवेत आपण दिवसभर श्वास घेतो, शेकड्यांनी बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, आत जातात. पट्टा पण चामड्याचा आणि आपणही. मग पट्ट्याला होतं ते आपल्याला का नाही?

पहिलं कारण ऊब. बहुतेक बुरशींना २५-३० डिग्री आवडतं, आपण ३७. विन्सेंट रॉबर्ट आणि आर्तुरो कासादेवाल या दोन शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये संग्रहातल्या ४,८०२ बुरशींचा हिशोब मांडला, तर ३० ते ४० डिग्रीच्या मधे दर एक डिग्री वाढली की आणखी साधारण ६ टक्के बुरशी गळतात. म्हणजे आपण खातो त्यातला मोठा भाग जो अंग गरम ठेवण्यात जाळतो त्याची ही वसुली आहे. उलटं उदाहरण अमेरिकेतल्या वटवाघळांचं. थंडीत ती गुहेत झोपतात तेव्हा अंग गुहेइतकंच गार होतं, आणि २००६ च्या हिवाळ्यापासून एका थंडीप्रेमी बुरशीने लाखो वटवाघळं मारली, नाकावर पांढरी पावडर लावल्यासारखी दिसायची ती. जागी आणि गरम असती तर ती बुरशी त्यांच्यावर टिकली नसती.

दुसरं कारण पांढऱ्या पेशी, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

मग ३७ डिग्री कुणाला झेपतं? ज्यांना आधीच उकाड्याची सवय आहे त्यांना. कंपोस्टचा ढीग कधी हाताने उकरला असेल तर माहीत असेल, आतून वाफ येते, चांगला ५० डिग्रीपर्यंत जातो. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही तिथली रहिवासी. तिच्यासाठी माणसाचं अंग म्हणजे एसीचा डबा. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, इतके बारीक की फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत सहज पोचतात. आणि त्या बीजाणूवर एक थर असतो ज्यावर पाणी ठरत नाही, रेनकोटच म्हणा. हवेत उडत राहायला, ओलं न व्हायला तो उपयोगी. पण आपल्या पांढऱ्या पेशी बुरशी ओळखतात ती तिच्या भिंतीतल्या साखरेवरून, आणि ती साखर या रेनकोटखाली झाकली जाते. बीजाणू आत जाऊन पडून राहिला तरी आरडाओरडा होत नाही. आता ही युक्ती तिने आपल्याला फसवायला काढलेली नाही हे तर उघडच आहे. धडधाकट माणसात बीजाणू फुगून रेनकोट उतरवतो तेव्हा पांढऱ्या पेशी त्याला खाऊन टाकतात, रोज, आपल्या नकळत. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात त्या आठवड्यांत मात्र खाणारं कुणी नसतं.

आता कबुतरं. २०२५ साली दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा घराघरात भांडणं झाली, आमच्या लॅबमधेही दोन गट पडले होते. त्यावेळी फुफ्फुसाच्या ज्या आजाराची सगळीकडे चर्चा होती तो मुळात ॲलर्जीचा प्रकार, त्याला बुरशीचा संसर्ग म्हणत नाहीत, लोक सगळं एकत्र करतात म्हणून सांगितलं. कबुतराच्या विष्ठेतली बुरशी वेगळी, क्रिप्टोकॉकस. खुद्द कबुतराला ती सहसा काही करत नाही कारण त्याचं अंग ४१-४२ डिग्री, तिला तेवढं झेपत नाही. विष्ठा वाळते, धूळ होते, श्वासातून आत जाते, आणि बहुतेकांना काहीही होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली आहे, एचआयव्हीवर उपचार न घेतलेले, किडनी बदललेले, त्यांच्यात ती मेंदूपर्यंत जाते.

ही बुरशी माझी आवडती आहे, आवडती म्हणणं बरं दिसत नाही पण आहे. पाठीतून काढलेलं पाणी येतं, त्याचा एक थेंब आणि काळ्या शाईचा एक थेंब, इंडिया इंक म्हणतात ती शाई. मायक्रोस्कोपखाली सगळं काळं, आणि त्यात मधेमधे चमकते गोल, गोलाभोवती रुंद पांढरी कडा. खळं पडलेल्या चंद्रासारखं. ती कडा म्हणजे तिचं कवच, साखरेचा जाड बुळबुळीत थर, शाईचे कण आत शिरू शकत नाहीत म्हणून पांढरं दिसतं. रात्रीच्या वेळी असं खळं दिसलं की आधी वॉर्डला फोन आणि मग बाकीचं सगळं.

कवच असलं की पांढऱ्या पेशीला पकड मिळत नाही. गिळलं तरी ही आत मरत नाही, आत बसून वाढते, आणि कधीकधी पेशीला न मारता जशी गेली तशी बाहेर पडते, जणू ओकून टाकली. त्याच पेशीच्या पोटात बसून मेंदूच्या बंदोबस्तातून आत सरकते असंही दिसलंय. या बुरशीच्या काही पेशी तर स्वतःला दहापट फुगवतात, इतक्या की गिळायचा प्रश्नच उरत नाही, मोठा घास तोंडातच जात नाही. शिवाय मेलॅनिन, आपल्या कातडीत असतं तसलाच काळा रंग, तो ती मेंदूतल्या डोपामिनच्या जातीच्या रसायनांपासून बनवते आणि पांढऱ्या पेशी जे ब्लीचसारखे मारे करतात त्यापासून वाचते.

एवढी तयारी कबुतराच्या विष्ठेत बसून कुणासाठी केली? उत्तर असं की मातीत अमीबा असतात. अमीबा बुरशी खातो, कशी खातो, तर वेढून, गिळून, पोटात रसायनं ओतून. आपली पांढरी पेशी हुबेहूब तेच करते. कासादेवालच्याच गटाने २००१ मध्ये अमीबाला क्रिप्टोकॉकस खाऊ घातलं आणि ते अमीबाच्या आत तसंच वागलं जसं आपल्या पेशीच्या आत वागतं. म्हणजे कोट्यवधी वर्षं मातीत अमीबाशी कुस्ती खेळून जे डाव बसले तेच आपल्या फुफ्फुसात उपयोगी पडतात. मेलॅनिनही मूळचा बहुतेक उन्हापासून वाचायला असावा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बरं वाटलं होतं, म्हणजे वैर नाहीये ना काही, निव्वळ योगायोग आहे. पेशंटला त्याचं काय, ते सोडा.

काही बुरशी तर थंडीत एक आणि गरमीत एक अशी दोन रूपं बाळगून असतात, मातीत धागा आणि अंगात यीस्ट. कँडिडाच्या बरोबर उलटं. हिस्टोप्लाझ्मा त्यातली एक, वटवाघळांच्या गुहेत असते, मुंबईत फारशी दिसत नाही, पुढे जाऊ.

२०२१ चा मे महिना. तेव्हा आम्ही जे बघितलं ते परत बघायला नको. सायनसमधून काढलेला तुकडा यायचा, केओएच, म्हणजे मांस विरघळवून बुरशी उघडी पाडणारं रसायन, टाकून स्लाइड बघायची, आणि रुंद रिबिनीसारखे धागे, मधे पडदे नाहीत, काटकोनात फुटलेले. म्युकर. दिवसाला एक नाही, तीन-तीन, चार-चार. बाहेर नातेवाईक ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या बाटल्यांसाठी या केमिस्टकडून त्या केमिस्टकडे फिरत होते. त्या जुलैपर्यंत सरकारी आकडा देशभरात ४५ हजारांच्या वर गेला. लोक काळी बुरशी म्हणायचे, पण बुरशी काळी नसते हो, आमच्या प्लेटवर ती पिंजलेल्या कापसासारखी पांढरी-राखाडी येते आणि वर बारीक काळे ठिपके. काळं दिसायचं ते पेशंटचं मेलेलं मांस. ही बुरशी रक्तवाहिनीत शिरते, गुठळी होते, पुढे रक्त जात नाही, तो भाग मरून काळा पडतो.

ही बहुतेक वेळा म्युकरच्याच गटातली ऱ्हायझोपस, पावावर येते तीच टोळी. मग एरवी पाव खाणाऱ्या मुंबईला ती का होत नाही? लोखंड. आपल्या रक्तात लोह भरपूर पण मोकळं नाही, ट्रान्सफेरिन नावाचं प्रोटीन ते मुठीत धरून असतं, जंतूंना सहज मिळत नाही. डायबेटिस हाताबाहेर गेला की रक्त ॲसिडकडे झुकतं आणि ॲसिडमधे ट्रान्सफेरिनची मूठ सुटते. लोह मोकळं. वर साखर जास्त असली की रक्तवाहिनीच्या आतल्या थरावर जीआरपी ७८ नावाचं प्रोटीन वाढतं आणि या बुरशीच्या अंगावर नेमकं तेच पकडायचा आकडा असतो. त्यात कोविडसाठी दिलेले स्टेरॉइड, ते साखरही वाढवतात आणि पांढऱ्या पेशींनाही झोपवतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. याचा पुरावा आधीच मिळालेला होता, डायलिसिसवरच्या पेशंटना अंगातले जास्तीचे धातू काढायला डिफेरॉक्झामिन नावाचं औषध द्यायचे, ते लोहाला चिकटतं, आणि अशा पेशंटना म्युकर होताना दिसला. आपण लोह काढायला दिलेली गोष्ट बुरशीने लोह आणून देणारा डबेवाला म्हणून वापरली.

ॲम्फोटेरिसिनच का, दुसरं काही का नाही असं तेव्हा सगळे विचारायचे. तर बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहे, आपली लांबची चुलत. बॅक्टेरियाचं यंत्र आपल्यापेक्षा इतकं वेगळं की त्याला मारणारं औषध आपल्याला फारसं बाधत नाही, इथे दोघांची यंत्रं सारखी, मारायला जागा कमी. एक फरक म्हणजे आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल, तिच्यात एर्गोस्टेरॉल. बरीचशी औषधं या एका फरकावर उभी आहेत. ॲम्फोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला पकडतं, पण कोलेस्टेरॉल दिसायला सख्खं भावंड, म्हणून थोडं तिकडेही जातं आणि किडनीला सोसावं लागतं.

आता घरची गोष्ट. माझा दीर बाइकवरून डिलिव्हरी करतो, पावसाळ्यात जीन्स सकाळी भिजते ती रात्री घरी येऊन निघते. जांघेत नायटा. केमिस्टने ट्यूब दिली, एकात तीन औषधं असलेली, बुरशीचं, बॅक्टेरियाचं आणि स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज गायब, लाली गायब. आठ दिवसांनी परत, आणखी मोठा. परत ट्यूब. असं चार महिने, मला सांगितलं नाही, लाजला. जेव्हा पोटापर्यंत आलं तेव्हा म्हणतो, "वहिनी, पण लावली की जातं ना ते!"

जात नाही रे बाबा. लाली आणि खाज ही बुरशीची नसतेच, ती तुझ्या अंगाने केलेली मारामारी असते. स्टेरॉइडने मारामारी थांबते, चोर घरातच असतो. उलट त्याला मोकळं रान.

नायट्याची बुरशी केराटिन खाते, म्हणजे कातडीचा वरचा मेलेला थर, केस, नख. केराटिन पचवणं सोपं नाही, आपण केस गिळला तर तसाच बाहेर पडतो, कारण त्याचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांना शिवलेले असतात. पार्लरमधे केस केमिकलने स्ट्रेट करतात ना, ते केमिकल हेच बंध तोडतं, मग केस हवा तसा वळवता येतो. ही बुरशी सल्फाइट सोडून तेच काम करते, आधी टाके उसवायचे आणि मग एन्झाइमने चावायचं. तिच्या पूर्वज मातीतल्या, पडलेली पिसं आणि केस खाणाऱ्या. त्यातल्या काही प्राण्यांवर आल्या, काही माणसांवर, आणि ज्या माणसावर कायमच्या राहिल्या त्या शांत झाल्या. गाई-मांजराकडून आलेला नायटा चांगला लालबुंद, पू धरणारा असतो, अंग चिडतं आणि त्याला हाकलूनही लावतं. माणसाळलेली बुरशी मात्र इतकी हळू खाते की अंग फार चिडत नाही, वर्षानुवर्षं चालतं. आणि ३७ डिग्री तिला जमावंच लागत नाही, कातडीचा वरचा थर गारच असतो, ती आत जातच नाही. गजकर्णाची ती गोल रिंग दिसते तीही यामुळेच, खाऊन झालेल्या मधल्या भागात शांतता आणि कडेला जेवण चालू.

कोंड्यातली मॅलॅसेझिया तर अजून पुढे गेलीय. चरबी बनवायचं सामानच तिने सोडून दिलं, आपल्या डोक्यावरचं तेल आयतं मिळतं म्हणून. तेल नसेल तर ती आमच्या नेहमीच्या प्लेटवर धड उगवत नाही, वर ऑलिव्ह ऑइल घालावं लागतं.

दिराचं खरवडून मीच पाठवलं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नायट्याची एक नवी जात पसरलीय, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, नावातच इंडिया आहे, २०२० मध्ये हे नाव मिळालं, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधेही ती सापडल्याची बातमी आली. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीला ती बरेचदा दाद देत नाही. टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल बनवणाऱ्या एका एन्झाइमच्या खाचेत बसून ते बंद करतं, आणि हिच्या त्या एन्झाइममधे एकच अमायनो ॲसिड बदललंय, तेवढ्याने गोळी खाचेत बसत नाही. अर्धवट उपचार आणि एकात तीन औषधांच्या त्या ट्यूबा यांचा यात मोठा हात आहे असं बहुतेक स्किनवाले मानतात आणि मलाही तेच वाटतं.

हॉस्पिटलातल्या कँडिडा ऑरिसचं मात्र अजून कोडं आहे. २००९ मध्ये टोकियोत एका बाईच्या कानातून पहिल्यांदा नोंदली गेली, ऑरिस म्हणजे लॅटिनमधे कान. मग थोड्याच वर्षांत वेगवेगळ्या खंडांवर, एकमेकींशी जवळचं नातं नसलेल्या तिच्या शाखा जवळपास एकाच वेळी निघाल्या. कासादेवालचा तर्क असा की पृथ्वी तापतेय तशा बाहेरच्या बुरशी उकाड्याला सरावतायत, आपली ऊबेची भिंत त्यांच्यासाठी ठेंगणी होतेय, आणि ही त्यातली पहिली. तर्कच आहे, सगळ्यांना पटलेला नाही. पण दिल्लीच्या अनुराधा चौधरी यांच्या गटाने २०२१ मध्ये ती अंदमानच्या किनाऱ्यावर, खाऱ्या दलदलीत शोधून काढली, म्हणजे हॉस्पिटलबाहेरही तिचं घर असू शकतं. खारं तिला चालतं, ४२ डिग्री चालतं, आणि पेशंटच्या कातडीवर आणि पलंगाच्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे टिकते. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने बुरशींची पहिली धोक्याची यादी काढली त्यात सगळ्यात वरच्या चारांत ही, क्रिप्टोकॉकस, ॲस्परजिलस आणि आपली शेपटीवाली अल्बिकन्स.

दिराच्या प्लेटला तीन आठवडे लागले. वरून बघून इंडोटिनी की तिची बहीण हे सांगता येत नाही, त्याला जीन वाचावा लागतो, डॉक्टरांनी ट्यूब बंद करून गोळी बदलून दिली आणि दोन महिने सांगितले. पंधराव्या दिवशी मला व्हॉट्सअॅपवर फोटो, पोट एकदम स्वच्छ, खाली लिहिलंय, "वहिनी गेलं सगळं, गोळी बंद करू?" मी त्याला म्हटलं रविवारी लॅबमधे ये. स्वच्छ दिसत होतं त्याच जागेवरून खरवडलं, केओएचचा थेंब टाकला, स्लाइड लावली आणि त्याला खुर्चीत बसवलं. जरा वेळ फिरवत राहिला, मग म्हणाला, "हे दोरे कसले?"